तो रस्ता आमच्या खात्यात येत नाही

शनिवार, ८ मार्च. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. डायलिसिस केंद्राच्या आवारात, ट्रकच्या पुढच्या सीटवर, बाबांना आत मशीनपाशी सोडून आल्यावर.

ती. मर्लीनआत्यास,

काइपोचा नमस्कार. तुझी तब्येत ठीक असेल, लास व्हेगसला अजून उकडायला लागलं नसेल आणि कॅसिनोत तू स्वतःला घालून दिलेली मर्यादा पाळत असशील अशी आशा करतो (हे विचारणं आगाऊपणाचं आहे, हे मला कळतं, आवडलं नसेल तर वाचलं नाहीस असं समज). इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे. त्याप्रमाणे लिहिलं. आता खरं लिहितो.

बाबा बाहेर यायला चार तास आहेत. एवढ्या वेळात तुला वॉलीकाकांची हकीकत सांगावी असं मनात आलं. वॉलेस तोकुनागा तुला आठवत असतील. शाळेत तुझ्या एक वर्ष मागे होते, बेसबॉलच्या मैदानात स्वतः चेंडू न अडवता बाकीच्यांना सल्ले देत उभे राहायचे. तेच पुढे होनोलुलूला राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले आणि चोवीस वर्षं तिथेच राहिले. अधिवेशन चालू असलं की सोमवारी पहिल्या विमानाने जायचे आणि शुक्रवारी शेवटच्या विमानाने यायचे, हातात बेकरीच्या डोनटांच्या गुलाबी खोक्यांची चळत, कारण तिकडून रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला आपल्या बेटावर कोणी मत देत नाही. तिकडे त्यांना ‘माननीय’ म्हणायचे. इकडे विमानाच्या शिडीवरून उतरले की सामान उतरवणारा पोऱ्यासुद्धा ‘वॉलीकाका, मला जॅमचा’ असं ओरडायचा. सत्तरी आली तेव्हा त्यांनी आपण होऊन निवृत्ती घेतली. कोणी पाडलं नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण ते स्वतः प्रत्येकाला मुद्दाम सांगतात.

निवृत्तीनंतर ते घरी बसले आणि एथेलकाकूंचे हाल सुरू झाले. काकूंनी मला सांगितलंय म्हणून लिहितो, बाहेर बोलू नकोस. जेवायला काय करायचं हे विचारलं की काका आधी दोन्ही बाजू ऐकून घ्यायचे. फ्रिज साफ करण्याचा विषय त्यांनी पुढच्या अधिवेशनावर ढकलला. शेवटी एका सकाळी काकूंनीच काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या बेटापुरत्या सभेच्या, उमेदवारीचा अर्ज भरून कॉफीच्या कपाखाली ठेवला आणि म्हणाल्या, “आता हे तरी लढवा, नाहीतर मी लढवते. मग घरी तुम्ही बसा.”

मग आपल्याकडे जे करतात ते सगळं झालं. अजून उजाडलेलंही नसताना पेट्रोलपंपासमोरच्या चौकात नावाच्या पाट्या धरून उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात हलवायचा. मीही उभा असायचो, कारण कॉलेज सोडल्यापासून मला सकाळचा वेळ होता. मोठ्या पाटीवर काकांच्या आडनावातलं एक अक्षर गळालं होतं. दोनशे पाट्या छापून झाल्या तरी ते कोणाला दिसलं नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. मी हळूच दाखवलं. निवडून आल्यावर त्यांनी मला ऑफिसात घेतलं ते याच एका गोष्टीवर. शिक्षण विचारलंच नाही. हात हलवायची सवय मात्र त्यांची निवडणुकीनंतरही गेली नाही. कचऱ्याच्या गाडीला हलवतात, शाळेच्या बसला हलवतात. एकदा स्मशानाकडे चाललेल्या गाड्यांनाही त्यांनी दोन्ही हात हलवले, आणि (मी शेजारीच होतो) आतल्या माणसांनीही सवयीने हात हलवले.

तर आत्या, पद लहान झालं म्हणजे काम हलकं होईल असा काकांचा अंदाज होता. तो पहिल्याच आठवड्यात चुकला. होनोलुलूला ते शाळांच्या, बंदरांच्या, कोट्यवधी डॉलरच्या अंदाजपत्रकावर हात वर करायचे आणि कोणी ‘का’ म्हणून विचारायचं नाही. इथे त्यांनी एका घरी किती कोंबडे पाळावेत या ठरावावर मत दिलं, तर दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात एका बाजूच्या लोकांनी केळ्यांचे दोन घड आणून ठेवले, आणि दुसऱ्या बाजूच्या एका मावशींनी, ज्या दर शुक्रवारी मासे आणून द्यायच्या, त्यांनी मासे बंद केले. किराणा दुकानात टोफू आणायला गेलेले काका दोन तासांनी परततात. रांगेतला पुढचा माणूस रस्त्यावरचा दिवा सांगतो, मागचा गटार सांगतो, आणि गल्ल्यावरची मुलगी पैसे परत देता देता स्वतःच्या भावाची पार्किंगच्या दंडाची पावती पुढे करते. पहिल्या बैठकीत काकांनी जुन्या सवयीने पस्तीस मिनिटं भाषण केलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, “वॉली, विषय बसथांब्याच्या बाकाचा होता.”

मी हे गमतीने लिहितोय खरं, पण त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसून मला वेगळंच वाटायचं. माणूस मोठ्या जागी असतो तेव्हा त्याच्या ‘हो’ला आणि ‘नाही’ला आवाज नसतो. खाली आला की ऐकू यायला लागतो.

आता रस्त्याकडे येतो. आपल्या घराकडे चर्चपासून वर जाणारा अर्ध्या मैलाचा रस्ता तुला मी काय सांगावा. तू गेलीस तेव्हा त्यात खड्डे होते. आता खड्ड्यांच्या मधे मधे रस्ता आहे. काउंटीची रुग्णांना नेणारी गाडी चर्चपर्यंत येते आणि तिथून वळते, कारण वरचा रस्ता काउंटीच्या यादीत नाही. बाबांना अर्धा मैल उतार उतरणं आता जमत नाही. म्हणून मंगळवार, गुरुवार, शनिवार मी ट्रकने आणतो. ट्रकचा दुसरा गिअर फेब्रुवारीपासून पडत नाही. त्याआधी जानेवारीत एका गुरुवारी आम्ही मधल्या मोठ्या खड्ड्यात अडकलो आणि बाहेर निघेपर्यंत बाबांची वेळ निघून गेली. नर्सबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पुन्हा असं व्हायला नको. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. कारण आपल्या रस्त्याची तक्रार त्यांना नवी नव्हती. चोवीस वर्षं आपल्या वाडीतला कोणी ना कोणी ती त्यांच्याकडे घेऊन जायचा, आणि काका प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे: तो रस्ता राज्याच्या खात्यात येत नाही, काउंटीला विचारा. आता ते स्वतःच काउंटी होते. त्यांनी काउंटीच्या इंजिनिअरला बोलावलं. इंजिनिअर म्हणाला, तो रस्ता काउंटीच्या खात्यात येत नाही, राज्याला विचारा. तेव्हा काकांनी प्रतिनिधिगृहात आपल्या जागी निवडून आलेल्या क्रिस्टल अगबायानीला पत्र पाठवलं (ती पूर्वी त्यांच्याच ऑफिसात होती, माझ्या जागी). आठवड्यात उत्तर आलं, अत्यंत नम्र, एकही चूक नसलेलं: तो रस्ता आमच्या खात्यात येत नाही. काकांनी तिला फोन लावला. माझ्यासमोरच स्पीकरवर ठेवला होता.

“क्रिस्टल, अगं, हे काय लिहिलंस मला?”

“काका, मी कुठे काय लिहिलंय? हे तुमचंच पत्र आहे. मी फक्त तारीख बदलली.”

त्यानंतरच्या रविवारी काकांनी जे केलं ते एखाद्या होनोलुलूच्या माणसाने केलं नसतं. त्यांनी स्वतःच्या पैशाने तयार डांबराच्या पिशव्या आणल्या, जुनी टोपी घातली आणि फावडं घेऊन आपल्या रस्त्यावर उभे राहिले. तुला माहीतच आहे आपल्याकडे कसं होतं. एक माणूस फावडं घेऊन दिसला की दुसरा कुदळ आणतो, तिसरा थंडगार बिअरची पेटी आणतो, आणि चौथा काहीच काम न करता कोंबडी भाजायला लागतो. दुपारपर्यंत निम्मे खड्डे भरले आणि सगळ्यांची पोटं पूर्ण भरली. वाजवायला युकुलेलेसुद्धा आलं. कोणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला, आणि सोमवारी काउंटीच्या वकीलबाई ऑफिसात आल्या. त्यांचं म्हणणं असं की कौन्सिलच्या सदस्याने रस्ता दुरुस्त केला तर उद्या कोणी कोर्टात म्हणेल की काउंटीने रस्ता स्वीकारला, आणि मग तिथे कोणाचा पाय मुरगळला तरी भरपाई काउंटीने द्यायची.

“मग मी काय करू?” काका म्हणाले.

“पूर्ववत करा.”

“म्हणजे खड्डे परत खणू?”

वकीलबाईंनी फाइल मिटली. त्यांनाही ते ऐकताना बरं वाटलं नसावं. शेवटी काकांनी असं लिहून द्यायचं ठरलं की त्या दिवशी ते सदस्य नव्हते, शेजारी होते. (ते पत्र मीच टाइप केलं. शेजारी चार मैलांवर राहतो हे त्यात येणार नाही याची काळजी घेतली.)

पण त्यानंतर काका इरेला पेटले. काउंटीने तो रस्ता रीतसर ताब्यात घ्यावा, नीट बांधावा आणि रुग्णांची गाडी वरपर्यंत न्यावी असा ठराव त्यांनी मांडला. नऊ जणांत पाच मतं हवीत. त्यासाठी त्यांनी काय दिलं ते मी लपवणार नाही. शाळेमागच्या व्यायामशाळेच्या दुरुस्तीसाठी पैसे ठेवले होते आणि दुरुस्तीनंतर तिला ‘वॉलेस तोकुनागा सभागृह’ असं नाव द्यायचं जवळपास ठरलं होतं. काका म्हणाले, ते पैसे या रस्त्याला द्या. मतं जमली. घरी सांगितलं तेव्हा एथेलकाकू म्हणाल्या, “नाव काय, विजेच्या बिलावर आहेच की.” पण त्या रात्री काकूंनी काकांच्या आवडीचा मासा केला होता, हे मला काकांकडूनच कळलं.

गेल्या बुधवारी सुनावणी झाली. तुला ते माहीत आहे: कोणीही यावं, नाव सांगावं, तीन मिनिटं बोलावं, घंटा वाजली की बसावं. घरून फोनवरही बोलता येतं, आणि सगळं टीव्हीवर दाखवतात. वकीलबाईंनी सांगितलं की रस्त्याचा मालकच सापडत नाही. ज्याचा पत्ता नाही त्याच्याकडून ताब्यात कसं घेणार? मग एकेक जण बोलायला लागला आणि प्रत्येकाने त्याला ‘बेवारस रस्ता’ म्हटलं. बेवारस रस्त्याचं काय करावं, बेवारस रस्त्यावर पैसे का घालावेत. तास दीड तास हेच. तेवढ्यात फोनवरच्या माणसाला बोलायची पाळी आली आणि सभागृहात जो आवाज घुमला तो ओळखायला मला एक क्षणही लागला नाही.

“मी बर्नार्ड पाशेको. घरून बोलतोय. सकाळपासून तुम्ही ज्याला बेवारस बेवारस म्हणताय, तो रस्ता माझ्या आजोबांनी काढला. मनुएल पाशेको. दुधाच्या गाडीसाठी, स्वतःच्या जमिनीतून, स्वतःच्या हाताने. त्याचा वारस जिवंत आहे, शुद्धीवर आहे, आणि तुमचा कार्यक्रम बघतोय.”

अध्यक्षबाई म्हणाल्या, “मिस्टर पाशेको, मग हे इतकी वर्षं का नाही सांगितलंत?”

“विचारलं कोणी? जो तो म्हणे आमचा नाही, आमचा नाही. तुमचा आहे का, असं मला कोणी विचारलंच नाही.”

घंटा वाजली. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मी पाण्याच्या ग्लासकडे बघत होतो. आत्या, तुला हे माहीत असणारच, मला नव्हतं. सत्तावीस वर्षं मी त्या रस्त्याने येतो-जातो आहे, त्याला रोज शिव्या देतो आहे, आणि तो आमचाच निघाला.

वकीलबाईंनी दुसऱ्या दिवशी खातरजमा केली. बाबा खरं बोलले होते. आता फक्त मालकाने सही करून रस्ता काउंटीला द्यायचा, की १९ तारखेच्या बैठकीत ठराव पास. त्यानंतर अंदाजपत्रक बंद होतं. मग पुन्हा वर्षभर काही नाही.

काल संध्याकाळी काका स्वतः घरी आले. गॅरेजमध्ये घडीच्या टेबलाशी दोघं बसले. बाबांना काय चालतं हे काकांनी मला आधीच विचारलं होतं, म्हणून तांदळाच्या पिठाचा साधा पांढरा मोची आणला होता, केळी नाहीत, शेंगदाणे नाहीत.

“लाच आहे का?” बाबा म्हणाले.

“चार डॉलरची. जाहीर करावी लागत नाही.”

“वॉली, शाळेत कोंबड्या भाजायचा कार्यक्रम होता त्या वर्षी मी तुला या रस्त्याचं बोललो होतो. काय म्हणाला होतास?”

“राज्याच्या खात्यात येत नाही.”

“आणि वर हात हलवलास.”

“अरे बेनी, पण रस्ता तुझाच होता की!”

“तुला कुठे माहीत होतं? माहीत नसताना नाही म्हणालास. ते ‘नाही’ मी मोजणार.”

काका हसले नाहीत. ते म्हणाले, “मोज. होनोलुलूहून नाही म्हणणं सोपं होतं रे. मधे समुद्र होता. इथे सकाळी नाही म्हटलं की संध्याकाळी तोच माणूस टोफूच्या रांगेत पुढे उभा असतो आणि वर विचारतो, काकू कशी आहे. मला हे पद आधी मिळायला हवं होतं, आणि ते नंतर.”

बाबांनी एक मोची खाल्ला. मग म्हणाले, “सही करणार नाही.” काकांनी कारण विचारलं, दोनदा विचारलं. बाबा कुत्र्याचं पाणी बदलायला उठले. काका निघाले. त्यांची गाडी आपल्या रस्त्यावरून खाली उतरताना तळाशी घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता, आणि वळणावर त्यांनी खिडकीतून हात हलवला, कोणाला ते कळलं नाही.

तर वॉलीकाकांची ही हकीकत. तू त्यांना ओळखतेस म्हणून तुला मजा वाटेल असं वाटलं. तिकडे भाज्या महाग आहेत असं ऐकतो, तरी जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा भाचा,
काइपो

ता. क. सोबत कागद आहेत. वकीलबाईंच्या म्हणण्याप्रमाणे तुमच्या आजोबांच्या पश्चात रस्ता तुम्हा दोघा भावंडांचा, अर्धा-अर्धा. पेन्सिलीने खूण केलेल्या दोन जागी तुझी सही हवी, नोटरीसमोर. त्याचे पंधरा डॉलर पाकिटात घातले आहेत. नाही म्हणू नकोस.

ता. क. आणखी. कागद दोन दिवस बाजूला ठेव. वर मी बाबांनी कारण सांगितलं नाही असं लिहिलं. ते वॉलीकाकांना सांगितलं नाही. काका गेल्यावर, माझ्याकडे पाठ करून, कुत्र्याला सांगावं तसं म्हणाले, “अर्धा रस्ता मर्लीनचा आहे. ती मोठी. तिने तोंडाने विचारल्याशिवाय मी आजोबांचं काही कोणाला देणार नाही.” सहा वर्षांपूर्वी विमानतळावर तुम्ही दोघं काय बोललात ते मला माहीत नाही. मी गाडीत होतो. आणि मला सांगूही नकोस. पण तू फोन केल्याशिवाय ते सही करणार नाहीत, आणि ते आपण होऊन फोन करणार नाहीत, आणि ट्रक किती दिवस चालेल ते मला सांगता येत नाही. आत्या, हे सगळं पत्र मी याचसाठी लिहिलं. संध्याकाळी सातनंतर ते फोनजवळच बसलेले असतात. मी लिहिलं हे कळू देऊ नकोस.

ता. क. घरी आल्यावर. पाकीट मी ट्रकच्या काचेपाशी ठेवलं होतं. बाबांनी त्यावरचा पत्ता वाचला. मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. चर्च मागे पडलं. पहिल्या खड्ड्यापाशी ट्रक हळू केला तेव्हा बाबा समोर बघत म्हणाले, “लास व्हेगसला पत्र जायला पाच दिवस लागतात. फोनला किती लागतात, ते विचार तुझ्या ऑफिसला.”